अडलेल्या दिवसांचं घर

आमच्याकडे घर सजवायला मुहूर्त लागत नाही, काम अडावं लागतं. अवकाळी पडला, डीपी जळाली, लावणीच्या बायका आल्या नाहीत, बाजारात मालाला कुणी विचारेना, की मग आम्हा दोघांचं लक्ष भिंतीकडे जातं. एरवी भिंत म्हणजे कॅलेंडर अडकवायची आणि खताचं पोतं टेकवायची जागा. मासिकांतून घर सजवण्याविषयी जे छापून येतं, त्यातले नवरा-बायको रविवारी सकाळी चहा पीत निवांत पडद्यांचा रंग ठरवत असतात. ते वाचताना मला कौतुक वाटतं ते पडद्यांचं नाही, रविवारचं.

कळंब म्हटलं की लोक विचारतात, धाराशिवचं की यवतमाळचं? आमचं पुणे जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर सोडलं की नारायणगावच्या अलीकडे, घोड नदीच्या काठाला. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते गाव डिंभे धरणाच्या पोटात गेलं. कारभार चालतो घोडेगावातून, आणि नाव तेवढं सरकारी कागदावर राहिलं. त्याच धरणाचं पाणी नदीत सुटतं आणि बंधाऱ्याबंधाऱ्याला थांबत खाली येतं, म्हणून आमचा हिवाळा हिरवा. नदीकाठाला ऊस, वर कांदा, बटाटा, मेथी-कोथिंबीर. सकाळी नदीवरचं धुकं उसात शिरतं आणि नऊ वाजेपर्यंत निघायचं नाव घेत नाही. रात्रभर महामार्गावरून भाजीच्या गाड्या मुंबईकडे पळत असतात. या आवाजात आम्हाला झोप लागते. आवाज थांबला तर जाग येते.

2023 च्या दिवाळीनंतरचा हिवाळा मला तारखांसकट आठवतो, कारण त्या हिवाळ्यात आमच्या घराला रंग लागला.

आधी घराचं सांगते. सासऱ्यांच्या वेळच्या दोन खोल्या, मातीच्या, वर कौलं. त्यांना लागून आम्ही बांधलेल्या तीन खोल्या, विटांच्या, वर पत्रा. बाहेरून गिलावा राहिलेला. गावात रस्त्याने चालत गेलात तर अशी राहिलेली घरं पावलोपावली दिसतील. आतून टाइल्स, टीव्ही, फ्रिज आणि बाहेरून उघड्या विटा. पाहुण्यांना वाटतं लोकांना हौस नाही. हौस भरपूर आहे. पण बाहेरचा गिलावा हा दरवर्षी ‘या कांद्यावर’ ठरतो आणि त्या कांद्यावर राहतो. आमच्या मागच्या खोलीला तर आतूनही गिलावा नव्हता. तिथे माझं शिलाई मशीन, यांची अवजारं, बियाण्याचे डबे आणि एका खिळ्यावर जुनी कालनिर्णयं. कालनिर्णय 1973 पासून निघतं आहे आणि त्याची मागची पानं कुणी काहीही वाचो, आमच्या घरात पुढच्या पानावरच्या चौकोनात दुधाचा रतीब, खताच्या गोण्या आणि मजुरांचे दिवस लिहिलेले असतात. म्हणून जुनी टाकून देता येत नाहीत. जानेवारीत दुकानदार, पतसंस्था, औषध कंपन्या यांची कॅलेंडरं येतात. आमच्या घराची खरी सजावट म्हणाल तर तीच; देव, पुढारी आणि टोमॅटोचं वाण शेजारी शेजारी.

माझा हिवाळा म्हणजे ब्लाउज. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते, आणि मग अस्तराचे, पाठीला गोंडे लावलेले, आरीवर्क केलेले असे ब्लाउज येऊन पडतात. नवरीचा एक, नवरीच्या आईचा एक आणि करवल्यांचे मोजायचे नाहीत. यांचा हिवाळा म्हणजे पाणी. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात हे मफलर गुंडाळून, बॅटरी आणि काठी घेऊन कांद्याच्या वाफ्यात, आणि मी इकडे पायमशिनीवर. दिवसपाळीच्या आठवड्यात उलटं. हे संध्याकाळी पेंगतात आणि मी तेव्हाच गिऱ्हाइकांची मापं घेत असते. एकाच घरात राहणारी दोन माणसं हिवाळ्यात समोरासमोर बसून जेवतात ती एखाद्या वेळी. बाकी ताट झाकून ठेवायचं, चहाचं भांडं चुलीच्या वैलावर ठेवायचं. मी डब्यावर खडूने लिहून ठेवते, ‘ठेचा आत आहे’. त्याच खडूने ब्लाउजवर खुणा करते.

नोव्हेंबरच्या शेवटाला, कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला, अवकाळीने पहिला अडसर घातला. आभाळ असं आलं की जून महिना वाटावा. काढलेला कांदा झाकायला ताडपत्री कमी पडली, ती शेजाऱ्यांकडून आणली, त्यांच्याकडे कमी पडली तेव्हा माझ्या दोन जुन्या साड्या गेल्या. मग रानात पाय घालता येईना. चिखल वाळेपर्यंत करायचं काय? यांनी गोठ्यातली सागाची जुनी फळी काढली, रंधा मारला आणि स्वयंपाकघरात ठोकली. त्यावर सासूबाईंचे पितळेचे डबे मांडले, मोठ्यापासून लहानापर्यंत. फळीच्या कडेला काय लावायचं? बाजारात प्लॅस्टिकची झालर मिळते. पण मला सासूबाईंची पद्धत आठवली. वर्तमानपत्राच्या पट्ट्या घ्यायच्या, घडीवर घडी घालायची आणि कात्रीने चौकटी, कैऱ्या, त्रिकोण कापायचे. उलगडलं की जाळी तयार. कुठली बातमी वर येईल ते आपल्या हातात नसतं. आमच्या फळीवर त्या वेळी निम्मी क्रिकेटची वर्ल्डकप फायनल आणि निम्म्या निविदा सूचना लोंबत होत्या. हे म्हणाले, ‘अगं, हरलेली मॅच लावलीस?’ मी म्हटलं, ‘निविदा वाचा की मग.’

त्याच आठवड्यात ओढ्यापलीकडच्या मोकळ्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली. दरवर्षी उतरते. भीमाशंकर कारखाना इथून जवळ, पारगावला. जुन्नरचा विघ्नहर वर. गळीत सुरू झालं की बीड आणि नगरकडून ट्रॅक्टर येतात. ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, बांबू, पेट्या, म्हातारी माणसं, पोरं आणि एखादी शेळी. उतरले की दिवस मावळायच्या आत कोपी उभी राहायला हवी. बांबूच्या कामट्या वाकवून दोन्ही टोकं जमिनीत रोवायची, त्यावर चटई, पाचट आणि वरून ताडपत्री. वाकूनच आत शिरायचं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम मोजतो ते कोयते. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिली जाते ती कोयत्याला आणि एकाने खाडा केला तर पैसे कापले जातात तेही कोयत्याचेच. तोडणीला चार-पाच महिने त्यांचा संसार कोपीत, आणि बाकीचे महिने गावाकडच्या घरात. म्हणजे दोन घरं. दोन्हींत राहून दोन्ही अर्धी.

आमच्या बांधाच्या समोर ज्या जोडप्याची कोपी होती त्यातली बाई दुसऱ्याच दिवशी दारात उभी राहिली. हातात नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. उसाच्या पात्याला धार असते, म्हणून तोडणीच्या बायका साडीवरून असा शर्ट घालतात. कोपरावर तो फाटला होता. ‘ताई, ठिगळ लावता का? अन् चिंध्या हायेत का?’ शिवणाऱ्या बाईकडे चिंध्या नाहीत असं कसं होईल? मशीनखालचं पोतं मी तिच्यापुढे केलं. तिला वाटलं दोन मुठी मिळतील. तिने जरीच्या, खणाच्या, सॅटिनच्या पट्ट्या वेगळ्या काढल्या आणि सुती तशाच ठेवल्या. मला कळेना, सुती तर उपयोगाच्या. ‘उपयोगाला न्हाई,’ ती म्हणाली, ‘दाराला.’

आणि मग 8 डिसेंबर. सकाळी मोबाइलवर आलं की कांद्याची निर्यात बंद, मार्चअखेरपर्यंत. भाव असा खाली आला की लिलावाला गेलेले लोक परत फोन करून सांगत होते, आणू नका. आमच्याकडे भाव दहा किलोवर बोलतात. चार-सहा दिवसांत तो निम्म्यावर आला. नारायणगाव, मंचर, आळेफाटा, जिकडे तिकडे तीच कहाणी. महिनाअखेर शिवनेरीवरून शेतकऱ्यांचा आक्रोश मोर्चा पुण्याकडे निघाला. घोषणा झाल्या, भाषणं झाली. आमच्यासाठी मात्र त्या अधिसूचनेचा अर्थ अगदी घरगुती होता: गिलावा गेला. लाल कांदा टिकत नाही, त्यामुळे बराखीत भरून वाट बघायची सोय नाही. जो भाव येईल त्याला द्यायचा. आमच्या बाहेरच्या भिंतीचा निर्णय दिल्लीत झाला, आणि तिथे कुणालाही आमची भिंत माहीत नव्हती.

हे दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मंचरहून आले ते पोतं घेऊन. कळीचा चुना.

‘गिलावा नाही तर चुना तरी लावू मागच्या खोलीला. अंधार होतो तुला.’

रंगाच्या दुकानात आता डबे मिळतात. मशीन गरगर फिरतं आणि हवी ती छटा निघते. चुन्याचं तसं नाही. कळीचा चुना म्हणजे भाजलेला दगड. पत्र्याच्या ड्रममध्ये तो टाकला आणि वरून पाणी ओतलं की क्षणभर काही होत नाही. मग आतून गुरगुर. मग उकळी. विस्तव नाही, काही नाही, आणि थंडीत ड्रमातून वाफ. यांनी मला लांब उभं केलं. डोळ्यात उडाला तर डोळा जातो. बांबूने ढवळत राहायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी साडीच्या फडक्यातून गाळून घ्यायचा. भिंतीला अंग टेकलं तर कपडे पांढरे होऊ नयेत म्हणून त्यात डिंकाचं पाणी घालायचं, आणि पांढरा रंग खरा पांढरा दिसावा म्हणून चिमूटभर नीळ. कुंचा घायपाताचा. घायपाताचं पान ठेचून ठेचून त्याचे धागे मोकळे केले की तो तयार होतो. दुकानातल्या ब्रशपेक्षा जास्त चुना धरतो.

पहिला हात दिला आणि मी नाराज झाले. काही दिसेचना. ओली वीट जरा फिकट झाली एवढंच. चुना ओला असताना पारदर्शक असतो. वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि भाजण्याआधी जो दगड होता तोच पुन्हा होतो, भिंतीवर पसरलेला. हे मी शाळेत शिकले होते आणि पाठ म्हणून लिहिलंही होतं, पण ते आमच्या भिंतीबद्दल आहे असं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत गेले तर दिवा न लावता सुईत दोरा ओवता आला. दुसरा हात यांनी आडवा दिला, तिसरा उभा. ज्या कोपऱ्यात धुराने काळं झालं होतं तिथे चौथाही.

रंगाचा वाद झाला नाही असं नाही. यांना समोरच्या खोलीला पोपटी हवा होता. आमच्या भागात पोपटी रंगाचा मोठा नाद. शाळा पोपटी, घरं पोपटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यासुद्धा. मला पिवडी घातलेला चुना हवा होता, हळदीच्या वरचा आणि दुधाच्या खालचा. पिवडी स्वस्त, चुन्यात मिसळते आणि जुन्या वाड्यांना शोभायची. हे म्हणाले, ‘पिवळा म्हणजे कावीळ झाल्यासारखं.’ मी म्हटलं, ‘पोपटी म्हणजे कीटकनाशकाचा डबा.’ शेवटी सासूबाईंची खोली पिवळी, ती माझी. समोरची पांढरी, ती कुणाचीच नाही. संसारात अशी एक खोली असलेली बरी.

गावात कुणी घराला रंग काढला की येणाराजाणारा विचारतोच. ‘काय, कार्य काढलं का?’ एक म्हातारबुवा बांधावरून ओरडले, ‘लगीन कुनाचं?’ शिडीवरून हे म्हणाले, ‘आमचंच. त्या टायमाला रंग राहिला होता.’ खरं होतं ते. आमच्या लग्नात मांडव होता, बँड होता, पत्रिकेवर नावांची रांग होती. घराला रंग द्यायला पैसे उरले नव्हते. फोटोत मागे जी भिंत दिसते तिच्यावर चादर लावलेली आहे.

डिसेंबरच्या मध्यावर ओढ्यापलीकडे आरडाओरडा झाला. फडात तोडणी चालू असताना पाचटात बिबट्याची बछडी सापडली. डोळे नुकते उघडलेली, तीन. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात ऊस झाला आणि बिबट्या रानातून उसात राहायला आला. आता त्याच्या कित्येक पिढ्यांचं जन्मगाव ऊसच आहे. बछडी सापडली की तोडणी थांबवायची असते. वनखात्याची माणसं आली. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर बछडी तपासतात आणि संध्याकाळी ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात. आई रात्री येते, क्रेट पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. बहुतेक वेळा येते. माणसं हलवली गेली, दिवे मालवले गेले. तोडणी दुसऱ्या दिवशीही बंद.

कोयत्याला सुट्टी नसते. सुट्टी म्हणजे बुडालेला दिवस, टन नाही तर पैसे नाहीत. आदल्या रात्री बिबट्या येऊन गेलेल्या रानाशेजारी त्या जोडप्याला अख्खा दिवस मोकळा मिळाला, आणि त्यांनी काय केलं? कोपी सजवली. मी दूध द्यायला गेले तेव्हा बाई शेण-मातीने दारासमोर ओटा लिंपत होती. वीतभर उंच, हातभर रुंद. त्यावर बसायला दोन माणसं जेमतेम मावतील. नवरा कामट्यांना आतून उसाच्या वाढ्यांची वेणी घालून बांधत होता, वारं अडावं म्हणून. पण वेणी सरळ घालायची की तिरपी यावर दोघांचा वाद चालला होता. वाद ऐकून मला आमच्या पोपटी-पिवळ्याची आठवण झाली आणि हसू आलं. आत चुलीच्या मागे देवीचा फोटो, त्याच्याखाली आरसा, आरशाला टिकल्या चिकटवलेल्या. दाराला माझ्या चिंध्यांचं तोरण. जरीची पट्टी, मध्ये सॅटिनची, परत जरी. नवरीच्या आईच्या शालूवरचं उरलेलं कापड, एका डॉक्टरीणबाईंच्या खणाचा तुकडा, कुणाच्या बारशाचा. गावातल्या अर्ध्या लग्नांची जर तिच्या दारावर वाऱ्याने हलत होती. उरलेला चुना मी डब्यात घालून नेला होता. तिने ओट्याच्या कडेने बोटाने ठिपके काढले आणि विचारलं, ‘उद्या पांढरं व्हतंय ना?’ तिला चुन्याचं माहीत होतं.

त्या ठिपक्यांबद्दल मी नंतर खूप विचार केला. गळीत संपलं की ही कोपी मोडायची, बांबू ट्रॉलीत टाकायचे. ओटा तिथेच राहणार आणि नांगराखाली जाणार. आम्ही तरी पुढच्या वर्षाच्या आशेवर रंग लावतो. ती कशाच्या? मी एकदा विचारलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की प्रश्नच तिला कळला नाही. ‘ऱ्हातोय ना आता हितं?’ ती म्हणाली. तिची मुलगी गावाकडे आजीजवळ शाळेत होती, मुलगा इथे बरोबर. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापायच्या, उजाडायच्या आत फडात. नवरा तोडणार, ती सोलून मोळ्या बांधणार, मग दोघं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणार. गाडी रात्री आली तर रात्री. मधल्या वेळात वाढ्याच्या पेंढ्या बांधून जनावरांसाठी विकायच्या, ते वरखर्चाचे पैसे. जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली तेव्हा नवऱ्याने आमच्या दारात येऊन पेढा दिला. बाईने ओठ मुडपले. उचल आधीच्या वर्षाचीही फिटायची होती.

रात्रपाळीच्या आठवड्यांत बिबट्याचं भय बछड्यांच्या नंतर वाढलं. हे पाणी द्यायला निघाले की मी गळ्यातला मफलर दुहेरी करून बांधायची. बिबट्या मानेला धरतो म्हणतात. मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून जायचे. शेतातून गाण्याचा आवाज येतोय तोवर मी मशीन चालवायची. आवाज बंद झाला की पाय थांबायचे. कधी बॅटरी उतरलेली असायची, कधी वाफा फुटला म्हणून फोन बाजूला ठेवलेला. एका रात्री फारच वेळ शांतता होती. मी दारात येऊन हाक मारली तर ओढ्यापलीकडच्या कोपीतून त्या बाईने आवाज दिला, ‘हायेत, ताई! बॅटरी दिसतीया!’ ती गाडी भरायची वाट बघत जागी होती. दोन घरांत मिळून तेवढा एकच दिवा होता, आणि तो यांच्या हातात.

संक्रांत त्या वर्षी 15 जानेवारीला होती. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी: हरभऱ्याचे घाटे, पावटा, वांगं, गाजर, बोरं, सगळं परसातलं किंवा शेजारचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. हे मी मुद्दाम सांगते, कारण घर बघायला येणारं खरं परीक्षक मंडळ म्हणजे हळदीकुंकवाच्या बायका. पुरुषांना भिंत दिसत नाही. बायका उंबऱ्यातूनच छत, फळी, कोपरे आणि पडद्याची शिवण बघतात, मग तिळगूळ घेतात. एकीने पिवळ्या भिंतीवरून हात फिरवून बोट बघितलं. बोट कोरडं निघालं. डिंक बरोबर पडला होता. एकीने कागदाच्या जाळीजवळ जाऊन हरलेली मॅच वाचली. वाण काय द्यायचं याचा मला प्रश्न नव्हता. चिंध्यांतून बटवे शिवले होते. त्या महिन्यात 22 जानेवारीच्या अयोध्येतल्या राममंदिराच्या सोहळ्यासाठी भगव्या झेंड्यांची मोठी शिलाई आली होती, त्यामुळे निम्म्या बटव्यांना आतून भगवं अस्तर आहे.

ओढ्यापलीकडची बाईही आली. शर्ट काढून, साडी नीट नेसून, पायाला हळद लावलेली. ती आत येऊन फळीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘डबे मोठ्याकडून लहानाकडं लावलेत. आमच्यात लहानाकडून.’ बाकीच्या बायका हसल्या. मला ते खरं वाटलं. पितळेचा मोठा डबा शेवटी असला तर फळीला वजन येतं. दुसऱ्या दिवशी मी मांडणी फिरवली. यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

पौष पौर्णिमेला थापलिंगची यात्रा. नागापूरच्या डोंगरावर खंडोबा, आणि बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली. या सगळ्या वर्षांत आमच्याकडच्या पुरुषांचं एक अंग लुळं पडल्यासारखं झालं होतं. हे त्या दिवशी नव्या भिंतीला पाठ टेकून तयार झाले (शर्ट पांढराच होता, नशीब) आणि रात्री भंडाऱ्याने पिवळे होऊन परत आले. खिशातून एक गारगोटीचा खडा काढून मला दिला, डोंगरावरचा. आतून चकाकतो. तो शिलाई मशीनवर ठेवला आहे. तलम कापड सरकू नये म्हणून त्याचं वजन चालतं. शोभाही येते, पण तसं मी यांना सांगितलेलं नाही, नाहीतर दरवर्षी दगड आणतील.

जानेवारी-फेब्रुवारीत गावरान कांद्याची लावणी उरकली आणि मग घराकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही. पडदे शिवायचे राहिले. दोन भिंतींवर खिळे मारायचे राहिले. सगळं सुरळीत चाललं होतं, त्यामुळे काहीच झालं नाही.

मार्चमध्ये पट्टा पडला, गळीत संपलं. टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी ती बाई आली आणि तिने एक ब्लाउजपीस दिला. ‘पुढच्या वर्साला आले की घेईन. माप तुमच्याकडं हायेच.’ मी म्हटलं, ‘दुसऱ्या कारखान्याला गेलात तर?’ ती म्हणाली, ‘मग तुमी घाला. रंग तुमच्या भिंतीचाय.’ पिवळा आहे खरा. सकाळी ट्रॅक्टर गेला. तोरण तिने काढून नेलं होतं. ओटा मात्र होता, त्यावर पांढरे ठिपके, आणि आमची शेळी त्यावर बसलेली. बसायला तिला ती जागा आवडली, म्हणून हे महिनाभर तिथे नांगर घालायचं लांबवत राहिले. शेळीसाठी, असं ते म्हणतात.

मार्चअखेरपर्यंतची म्हटलेली निर्यातबंदी उठली ती 4 मे रोजी, 40 टक्के शुल्क लावून. तोवर गावरान कांदा बराखीत भरला होता. यांनी लगेच गवंड्याला फोन लावला. तो म्हणाला, आता गिलावा काढून उपयोग नाही, दहा-बारा दिवस पाणी मारायला लागतं आणि विहिरीत पाणी कुठाय? दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर कांदा काढायला येतो आणि अवकाळी यायचा असला तर तोही तेव्हाच. तरी मी बाहेरच्या दाराच्या पडद्याचं माप घेऊन ठेवलं आहे. यांनी दुकानातून रंगांचं कार्ड आणलं आणि एका छटेवर माझ्याच खडूने खूण केली. पोपटी. मी खूण पुसली. यांनी परत केली.